येऊ का?

त्या दिवशी मी आकडे मागायला गेलो होतो. मागे लाल दिवा नसलेल्या किती ट्रॉल्या या हंगामात रस्त्यावर धावतायत, हे ज्या खात्याचं काम त्या खात्याला विचारून मी थकलो होतो. पत्र दिलं की पोच मिळते, उत्तर मिळत नाही. मदत केंद्रातल्या मनिषाला मात्र ऊसतोडीच्या बायकांचे फोन येत, आणि कुठल्या मुकादमाची ट्रॉली कुठे उलटली हे तिला ठाण्याच्याही आधी कळे. म्हणून चारचा चहा पिऊन मी माजलगावच्या जुन्या मोंढ्याकडे निघालो.

पुढं जे झालं ते मी बातमी म्हणून कुठेही दिलं नाही. बातमीला साक्षीदार लागतो. इथं साक्षीदार म्हणून एका बंद संगणकाचं नाव द्यावं लागलं असतं.

मोंढ्यामागची केंद्राची खोली पूर्वी एका आडतदाराची होती. भिंतींना अजून तुरीच्या पोत्यांचा वास येतो. केंद्र काढलं प्रियदर्शनीनं. दसऱ्याला कोयता घेऊन निघणाऱ्या बाईचं नाव, गाव, मुकादम, कारखाना आणि घरातली माणसं ती नोंदवून घ्यायची. टोळी फड बदलेल तशी बाई मिस कॉल द्यायची, केंद्रातून उलट फोन जायचा आणि नवा मुक्काम नोंदीत चढायचा. एवढंच काम. पण हे सरकारला सुचलं नव्हतं. उसात बाई आजारी पडली की मुकादम सांगतो, ती घरी गेली. घरच्यांना वाटतं, ती टोळीबरोबर आहे. त्या दोन वाक्यांच्या मध्ये बाई हरवते. अशा हरवलेल्या बायांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं आतल्या पानावर लावल्या आहेत.

नोंदींचा तो प्रोग्रॅमही प्रियदर्शनीनंच बनवला होता, रात्री जागून, स्वतः शिकून. खोलीतले तीन संगणक एकाच फाईलवर काम करायचे.

मागच्या हंगामात गढीच्या रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली तिच्या स्कूटीवर उलटली. उसाखालून तिला काढेपर्यंत अंधार पडला. मी तिथं होतो. तिच्या वेणीत उसाचं पाचट गुंतलं होतं, आणि सगळीकडे ताज्या रसाचा गोड वास सुटला होता. हे मी छापलं नाही. तिच्या आईबापांना तेवढं तरी वाचावं लागू नये असं वाटलं.

तिची एक खोड मात्र प्रोग्रॅममध्ये राहून गेली होती. मनिषा नवी होती तेव्हा घरी निघताना "जाते मी" म्हणायची आणि प्रियदर्शनी तिच्यावर खेकसायची, "जाते कुठं? येते म्हणावं. आईनं शिकवलं न्हाई का?" मग एक दिवस तिनं प्रोग्रॅम बंद करताना येणारा प्रश्नच बदलून टाकला. पडद्यावर चौकट यायची, "येऊ का?" आणि खाली एकच बटण, "या." ते दाबल्याशिवाय प्रोग्रॅम बंद होत नसे. आम्ही सगळे हसलो होतो. ती गेल्यावर ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. वर्षभर रोज दिवेलागणीला तो पडदा विचारायचा आणि मनिषा "या" म्हणून खोलीला कुलूप लावायची.

मी पोचलो तेव्हा बाकावर छबुबाई बसली होती. वडवणीकडच्या डोंगरातली बाई, मांडीवर नायलॉनची पिशवी, नजर मनिषाच्या पाठीवर. तिची लेक मंगल नवऱ्याबरोबर कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर गेलेली. पोटुशी, दिवस भरत आलेले. जोडप्यात एकच फोन आणि तो संक्रांतीपासून बंद.

"मुकादम काय म्हणतो?" मी विचारलं.

"त्यो म्हनतो, घरी धाडलं." छबुबाईनं पिशवीचे बंद हातावर गुंडाळले. "आन् घरी तर म्या हाय, भाऊ. माझ्याकडं न्हाई आली ती."

म्हणजे तीच दोन वाक्यं. त्या मुकादमाला फोन लावून मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन बंद केला.

"मनिषा, शेवटचा मुक्काम कुठला होता? बघ की."

"बघायला उघडायला तर पाहिजे," मनिषा वळली नाही. "संक्रांतीच्या आधी मीच घेतला होता तिचा फोन. मीच नोंदवलंय गावाचं नाव. पण दिवसाला इतके फोन येतात भाऊ, डोक्यात काय राहतंय? आणि आज फाईल उघडंना."

पडद्यावर ओळ होती. ही फाईल दुसऱ्या वापरकर्त्याने स्वतःपुरती उघडली आहे.

"दुसरा कोण?"

"तेच कळंना. सुरेखा रजेवर हाय, तिचा संगणक बंद. मी एकटीच."

"जुनी प्रत?"

"दिवाळीची हाय. त्यात पहिला कारखाना हाय, तिथून टोळी कवाच उठली. परमेश्वरला फोन लावलाय, उचलत न्हाई."

"माझ्या आयुष्यात त्यानं कधी उचललाय," मी म्हणालो. मनिषा जरा हसली. छबुबाई हसली नाही.

परमेश्वर म्हणजे बीडचा संगणक दुरुस्त करणारा पोरगा. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. मनिषानं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"सर, सोपं हाय. कुणी फाईल उघडली की तिच्या शेजारी एक बारकी फाईल आपोआप तयार होती. दाराबाहेर चपला काढल्यावानी. चपला बघून कळतं आत कोण हाय. शेवटचा माणूस बाहेर पडला की चपला जातात. पण त्या फोल्डरात ठेवायची न् काढायची परवानगी नसंल, तर माणूस जातो आन् चप्पल तशीच राहती. मग बाकीच्यांना वाटतं, आत कुणीतरी बसलंय."

"मला शिकवणी नको रे. दिवस भरलेली बाई हरवलीय."

"म्हनूनच सांगतोय सर. मनिषाताई, ती बारकी फाईल उघडा. आत संगणकाचं नाव दिसंल."

मनिषानं ती उघडली. काही वेडीवाकडी चिन्हं आणि त्यांच्या मध्ये स्वच्छ अक्षरांत एक नाव. प्रिया.

आम्ही दोघांनी एकदमच कोपऱ्याकडं पाहिलं. प्रियदर्शनीचा संगणक तिथं होता. ती गेल्यावर मनिषानं तो आपल्या एका जुन्या साडीत बांधून ठेवला होता. साडीवर धूळ होती. विजेची वायर गुंडाळून वर ठेवलेली होती, तिच्यावरही धूळ होती.

"तो संगणक चालू हाय का?" परमेश्वरनं विचारलं.

"वायरसुद्धा काढलेली आहे."

"मग जुनी चप्पल राहिलीय. उडवा ती, काय होत न्हाई."

मनिषानं ती बारकी फाईल पुसली. गेली. तिनं मोठी फाईल उघडायला घेतली. तीच ओळ आली. आणि ती बारकी फाईल पुन्हा तिथंच होती. शेजारी वेळ लिहिलेली होती, त्या क्षणाची. आत तेच नाव.

"परमेश्वर…" मनिषाचा आवाज बारीक झाला. "आत्ता काढली होती ती. आत्ता ठेवलीय."



"परवानगीच्या यादीत कुणाकुणाची नावं हायत, वाचा," परमेश्वर म्हणाला.

"केंद्र. मनिषा. सुरेखा. प्रिया."

"तिचं नाव कावून ठेवलंय अजून? काढा ते."

मनिषाचा हात उचलेना. बाहेर मोंढ्यात हमालांचा आवाज निवत चालला होता. खोलीत उन्हाची तिरीप भिंतीवर चढून छताला लागली होती. आणि तेव्हा मला वास आला. हंगामात आमच्या गावावर मळीचा आंबूस वास असतोच, त्याला आम्ही सरावलो आहोत. हा तो नव्हता. हा ताज्या, नुकत्याच चिरडलेल्या उसाचा होता. गोड. ओला.

"काढ नाव," मी म्हणालो. माझाच आवाज मला चढा वाटला.

"भाऊ, वर्षभर मला ते काढवलं न्हाई."

"मंगल जिवंत पाहिजे की नाही?"

तिनं नाव काढलं. लगेच सगळं फोल्डरच मिटलं. पडद्यावर नवी ओळ आली. आपल्याला येथे येण्याची परवानगी नाही.

"फोल्डर तिनं केलं व्हतं ना," परमेश्वर पुटपुटला. "मालकी तिच्याच नावावर असंल. सर, मी उद्या सकाळी सोता येतो…"

"उद्यापर्यंत ती बाई राहील का?"

फोन तुटला की त्यानं ठेवला, मला माहीत नाही.

छबुबाई बाकावरून उठून कधी आमच्या मागं येऊन उभी राहिली, ते कळलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण चपलांचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"आत कोन बसलंय, बाई?"

मनिषाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जे कुनी हाय त्याला बाहीर काढू नगा," छबुबाई म्हणाली. "माझ्या लेकीचं ठिकान इचारा फकस्त."

मनिषानं केंद्राच्या मुख्य नावानं फोल्डर पुन्हा ताब्यात घेतलं. यादीत नाव लिहिलं, प्रिया. तिच्यासमोर खुणा केल्या. वाचण्याची परवानगी. लिहिण्याची. पुसण्याची. सगळी.

फाईल उघडली.

मंगलची नोंद शोधावी लागली नाही. पडद्यावर पहिली तीच होती. मुक्कामाच्या रकान्यात मनिषानं संक्रांतीआधी लिहिलेलं गाव होतं, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ.

टोळी गेली. ओढ्यापलीकडे बंद वीटभट्टीच्या मागे एकटी. लवकर.

"हे मी न्हाई लिहिलं," मनिषा म्हणाली. "भाऊ, हे मी न्हाई लिहिलं."

नोंद कधी बदलली, ते प्रोग्रॅम खाली दाखवत असे. तारीख त्याच दिवसाची होती. बदलणाऱ्याचं नाव मी वाचलं आणि मनिषाला मोठ्यानं वाचू दिलं नाही.

विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. कृष्णाकाठी माझा एक जुना दोस्त आहे, भगवानराव, माझ्यासारखाच खंगलेला वार्ताहर. त्याला फोन केला. मला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. आमच्या धंद्यात सूत्र विचारत नाहीत. तो शेजाऱ्याची जीप घेऊन निघाला. इकडे आम्ही तिघं त्या फोनकडं बघत बसलो. छबुबाई तोंडातल्या तोंडात कपिलधारच्या स्वामींचं नाव घेत होती. मनिषानं दिवा लावला नव्हता, मीही लाव म्हणालो नाही. पडद्याच्या उजेडात खोली निळसर दिसत होती.

भगवानरावाचा फोन आला.

"सापडली रे. पाचटाच्या खोपटात, कोपीत पडली होती, तापानं फणफणलेली. कळा चालू हायत. जीपमध्ये घेतलीय, दवाखान्याला निघालो. हे कसलं गाव म्हणायचं, एक माणूस फिरकलं न्हाई तिकडं."

छबुबाई मटकन खाली बसली. मनिषानं तिला धरलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत मनिषा प्रोग्रॅम बंद करत होती. मला चौकट दिसली. येऊ का? तिची टिचकी ऐकू आली.

तो वास तेव्हाच गेला.

मंगलला मुलगा झाला. नवरा अभिमन्यू दोन दिवसांनी सापडला. कारखान्याच्या रांगेत बैलगाडीवर अडकलेला, बायको घरी पोचली असं त्यालाही सांगितलेलं. मी मुकादमावर चार रकाने लिहिले, नावानिशी. गुन्हा दाखल व्हायला मला ठाण्यात तीनदा भांडावं लागलं. ते भांडण अजून चालू आहे.

पंधरवड्यानं मंगल माजलगावला केंद्रात आली. छबुबाईच्या कुशीत बाळ. मंगल शांत पोरगी होती, विचारलं तेवढंच बोलायची. मी विचारलं, त्या कोपीत एकटीनं कसे काढलेस दिवस?

"एकटी कुटं? ताई आलत्या की."

"कोण ताई?"

"तुमच्या. केंद्रातल्या." तिनं मनिषाकडं पाहिलं. "तुमी न्हाई, दुसऱ्या. चष्मावाल्या. दारात बसून व्हत्या. पानी पाजलं. समदं इचारून घेतलं, नाव, गाव, मुकादम. घरात मानसं किती, म्हनल्या. म्या म्हनलं, दोगं हाव, तिसरं यायलंय."

मंगल यंदाच दसऱ्याला नोंदवलेली. केंद्रात चष्मा एकट्या प्रियदर्शनीला होता, आणि तिला मंगलनं कधी पाहिलेलं नव्हतं. खोलीत तिचा फोटोही नाही. तिच्या वडिलांना हार घातलेला फोटो बघवत नसे.

"आणखी काही आठवतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"केसात पाचट व्हतं त्येंच्या. म्या काढू लागले तर म्हनल्या, ऱ्हाऊ दे, निगत न्हाई ते." मंगलनं बाळाचं टोपडं नीट केलं. "मंग जीप वाजली लांब. त्या उठल्या. म्हनल्या, येऊ का?"

मनिषानं टेबलाची कड धरली.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"या म्हनलं." मंगलला माझा प्रश्न कळलाच नव्हता. "दुसरं काय म्हनत्यात?"

मंगल सापडली त्या दिवसापासून केंद्रातली फाईल एकदाही अडली नाही. परमेश्वर येऊन सगळं तपासून गेला. परवानग्या नीट आहेत म्हणाला, पैसेही घेतले नाहीत. बारकी फाईल उघडली की आत मनिषाचं किंवा सुरेखाचं नाव असतं, दुसरं नाही. प्रियाचं नाव यादीत आहे, पण आत कुणी येत नाही. मनिषा एकदा मला म्हणाली, "भाऊ, ताई इथून गेल्या." तिनं चक्क "गेल्या" म्हटलं आणि स्वतःच ओठ चावला.

मग शिमग्याच्या सुमारास तिचा फोन आला. मंगलच्या नोंदीत एक चूक होती. बाळ धरून घरातली माणसं तीन. मनिषानंच तसं भरलं होतं. आता तिथं चार दिसत होती. तिनं दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार. तिनं परत तीन केली. परत चार. बदलणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती.

"एकदा जाऊन बघून या ना भाऊ," ती म्हणाली. "पोरगी बरी हाय का तेवढं."

मी गेलो. वडवणीच्या पुढं डोंगराच्या कुशीत पत्र्याची दोन खणांची घरं, त्यातलं शेवटचं मंगलचं. पळस फुलला होता. उन्हं उतरली होती. अभिमन्यू रोजगार हमीच्या कामावरून यायचा होता. छबुबाईचं घर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. मंगल ओसरीवर बसून गोधडी शिवत होती. मला पाहून तिनं बाज ओढून दिली, चहा टाकला. अंगानं भरली होती. बाळ आत पाळण्यात झोपलं होतं, आणि पाळणा संथ हलत होता, आत्ताच कुणी झोका देऊन हात काढल्यासारखा.

"बरं चाललंय ना?"

"लई बरं हाय भाऊ. त्रास न्हाई कशाचा. पोरगं रातचं रडतच न्हाई. रडाया लागलं की आपूआपच गप ऱ्हातंय."

ती बोलता बोलता आतल्या दाराकडं पाहायची आणि परत टाक्यात डोळे घालायची. मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही. आयुष्यभर प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस मी. तिथं नुसती नवऱ्याची चौकशी केली, ट्रॉल्यांच्या दिव्यांबद्दल काहीबाही बडबडलो आणि उठलो.

दाराशी चपला घालायला वाकलो. मंगलच्या रबरी चपला एका बाजूला होत्या. त्यांच्या शेजारी एका जोडाएवढी जागा झाडून, सारवून मोकळी ठेवलेली होती. बाकी अंगणभर पळसाची फुलं पडली होती, तिथं एकही नव्हतं.

चहाचा गोडवा तोंडात होता, असं मी आधी समजलो. मग लक्षात आलं, तो वास होता.

मंगलनं दोरा तोडायला दातांत धरला होता. माझ्याकडं पाहून तिनं नुसती मान हलवली. आणि पन्नास वर्षांची सवय. निघताना तोंडातून जे निघतं ते निघालं.

"येऊ का?"

मंगलच्या दातांत दोरा तसाच होता. ओठ मिटलेले होते.

आतून, पाळण्याजवळून, हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "या."